एकटीसाठी काय फोडणी घालायची?

दूर राहणारी मुलगी आईला दूरध्वनीवर पहिला प्रश्न विचारते तो "जेवलीस का?" हाच. त्याचे उत्तरही ठरलेले असते : "हो, जेवले की." तीन वर्षे मी पुण्याहून रोज रात्री नऊ वाजता हा प्रश्न विचारीत असे, इंदूरहून हेच उत्तर मिळत असे, आणि एक कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात मी दिवा मालवीत असे. आई खोटे बोलत होती असे मुळीच नाही. चहात बुडवून खाल्लेले दोन टोस्ट तिच्या लेखी रात्रीचे जेवण होते, एवढेच.

२०२२ सालच्या कार्तिकी एकादशीला भर दुपारी, मी कचेरीत असताना, शेजारच्या भाभींचा फोन आला. आई अंगणाच्या पायरीवर बसलेली त्यांना दिसली होती. अंग घामाने भिजलेले, हात थरथरत होते, आणि भाभींना ती माझ्या आत्याच्या नावाने हाक मारीत होती. भाभी मोठ्या धोरणी. त्यांच्या घरातच मधुमेह असल्याने त्यांनी खूण चटकन ओळखली आणि साखरेचे पाणी करून तिला घोट घोट पाजले. पंधरा-वीस मिनिटांत आई भानावर आली आणि म्हणाली, "अगंबाई, माझा उपास मोडला की!"

झाले होते ते असे. सकाळची मधुमेहाची गोळी तिने नेमाप्रमाणे घेतली होती. साबुदाणा मात्र रात्री भिजवला नव्हता. एका माणसासाठी कुठे तो खटाटोप, असे म्हणून. मोरधन शिजवायचाही कंटाळा आला. (भगरीला आम्ही माळव्यात मोरधन म्हणतो.) केळे तिने वर्षापूर्वीच वर्ज्य केले होते. म्हणजे पोटात गेला तो एक कप चहा. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात की त्या घेतल्यावर वेळेवर अन्न मिळाले नाही, तर रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली उतरते. घाम, थरथर, छातीत धडधड आणि बोलण्यातील विसंगती ही तिची लक्षणे. माणूस शुद्धीवर असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर साखर किंवा गूळ ताबडतोब द्यावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. हे मला त्या दिवशी कळले. वास्तविक आईच्या गोळ्या तीन वर्षे मीच पाठवीत होते.

रात्रीची बस पकडून मी सकाळी इंदूरला पोहोचले. आई दारातच उभी होती. दिवाळीला रजा न मिळाल्याने मी सहा महिन्यांनी तिला पाहत होते. पोलक्याची बाही दंडावरून घरंगळत होती, आणि बांगड्या पार कोपरापर्यंत चढत होत्या. डॉक्टरांच्या जुन्या कागदावर वजन चोपन्न किलो लिहिलेले होते. त्या दिवशी काट्याने सत्तेचाळीस दाखवले. सहा महिन्यांत वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे चोपन्न किलोच्या माणसाचे पावणेतीन किलो, विनाकारण कमी झाले तरी ती डॉक्टरांकडे जावयाची वेळ समजतात. येथे तर सात किलो गेले होते आणि "जेवले की" चालूच होते.

मग मी स्वयंपाकघर पाहिले. फडताळाच्या वरच्या फळीवर माझी पार्सले ओळीने उभी होती. बदाम, अक्रोड, खजूर, डिंकाचे लाडू, आणि एक भलामोठा प्रथिनांच्या भुकटीचा डबा, ज्याचे झाकण कधी उघडलेच नव्हते. अक्रोडांत पोरकिडे झाले होते.

"आई, हे खाल्लेच नाहीस तू?"

"अगं, बदाम दाताने फुटत नाहीत. कवळी सैल झाली आहे. आणि त्या भुकटीला खडूचा वास येतो."

"मग सांगितले का नाहीस?"

"एवढ्या मायेने पाठवतेस. सांगून तुझा हिरमोड कशाला करायचा?"

शेगडीपाशी पाच लिटरचा कुकर होता. ह्याच घरात आईने अकरा पानांचा स्वयंपाक दोन्ही वेळा केला आहे. आजोबा-आजी, काका, आत्या, आम्ही भावंडे, आणि शिकायला म्हणून देवासहून येऊन राहिलेला एखादा नातलग. वाटीभर डाळ त्या कुकरच्या तळाला लागते, मग तो घासत बसायचा. "तुझे बाबा होते तोवर ठीक होते," ती म्हणाली. "त्यांना ताजी भाजी लागे, म्हणून व्हायची. आता एकटीसाठी काय फोडणी घालायची?"

हे वाक्य मी त्यानंतर कितीतरी घरांतून ऐकले आहे. होळकरांच्या काळापासून ह्या गावी स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांची मुले आता पुण्या-मुंबईस, बेंगळुरूस आणि अमेरिकेत आहेत. पूर्वज दक्षिणेतून उत्तरेस आले, नातवंडे पुन्हा दक्षिणेस गेली. मधल्या पिढीचे एकेक माणूस रामबाग-नारायणबागेतील घर सांभाळून आहे. ह्यांतील बहुतेकांना पैशाची ददात नाही. घरात धान्य आहे, दारात भाजीचा ठेला येतो. कमतरता असते ती चूल पेटवावी असे वाटण्याला काही कारण असण्याची. आणि हे कारण पार्सलात घालून पाठविता येत नाही.

त्यात शरीरही साथ देत नाही. साठी-सत्तरीनंतर घ्राणशक्ती मंदावते, आणि चवीचा मोठा भाग नाकानेच कळत असल्याने सारेच पदार्थ मिळमिळीत लागू लागतात. मग हात मिठाकडे वळतो. पापड, लोणचे आणि आमच्या इंदुरी माणसाची सेव ह्यांवर जेवण निभावते. प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमहून, म्हणजे सपाट चमचाभराहून, कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातले बरेचसे ह्या तोंडी लावण्यांतच संपून जाते. त्यापेक्षा लिंबू, आमसूल, आले, ताजी कोथिंबीर आणि हिंग-जिऱ्याची फोडणी ह्यांनी चव खुलवावी. तहानही म्हातारपणी उशिरा आणि कमी लागते. शिवाय रात्री न्हाणीघराकडे उठावे लागेल म्हणून वृद्ध मंडळी मुद्दाम पाणी टाळतात. आईने तर संध्याकाळी पाचनंतर पाणी बंदच केले होते, आणि बद्धकोष्ठासाठी चूर्ण घेत होती! आता सकाळी ती पाण्याचे दोन तांबे भरून झाकून ठेवते आणि दिवेलागणीपूर्वी ते रिकामे करते. दुपारचे ताक वेगळे.

सर्वांत मोठा घोटाळा प्रथिनांचा. वयाबरोबर स्नायू झिजतात, आणि खाणे अपुरे असेल तर अधिक वेगाने झिजतात. उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागतो आणि न्हाणीत तोल जातो तो पुष्कळदा ह्यामुळे. निरोगी वृद्धाने शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे आहारतज्ज्ञ साधारणपणे सांगतात. (मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावयाचे.) म्हणजे आईला पन्नास-पंचावन्न ग्रॅम हवी होती. मी कागद-पेन्सिल घेऊन तिच्या कालच्या दिवसाचा हिशेब मांडला. तीन कप चहातले दूध, चार टोस्ट, दोन फुलके, चमचाभर गिलक्याची भाजी, मूठभर भात आणि त्यावर पळीभर पातळ वरण. काही केल्या बेरीज बावीस-तेविसाच्या पुढे जाईना.

आई माझ्या खांद्यावरून पाहत होती. तिला गणिताची आवड, आणि तिने आयुष्यभर दुधाचा आणि वाण्याचा हिशेब ठेवलेला. "म्हणजे निम्म्याहून कमी?" ती म्हणाली. "खा, खा" असे मी वर्षानुवर्षे विनवून जे झाले नव्हते ते त्या बेरजेने झाले. मग तिनेच घरातले एकेक जिन्नस सांगितले. पेलाभर दुधात सहा ग्रॅमच्या वर प्रथिने असतात, वाटीभर दह्यात तीन-चार. चाळीस ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटली की दोन धिरडी होतात आणि त्यांत नऊ-दहा ग्रॅम. भाजीवर दोन मोठे चमचे दाण्याचे कूट म्हणजे आणखी पाच. फुटाणे कवळीला झेपत नाहीत, पण त्यांचे पीठ ताकात कालवता येते. ह्यांत तिने लहानपणापासून न खाल्लेले असे एकही अन्न नव्हते. मऊ भात, त्यावर मेतकूट आणि साजूक तूप, हे आजारी माणसाचे अन्न म्हणून आपण बाजूला ठेवतो. मेतकुटात हरभऱ्याची आणि उडदाची डाळ असते हे विसरून जातो.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी तपासणीत दाखवून दिली. बी-१२ हे जीवनसत्त्व धान्यांत आणि भाज्यांत नसते. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातून मिळते. वय झाले की जठरातील आम्ल कमी होऊन ते नीट शोषले जात नाही, आणि मधुमेहासाठी घेतात ते मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यानेही ते घटते. मग पायांना मुंग्या येतात, थकवा येतो, विस्मरण होते. आपण म्हणतो, वयच झाले. आईच्या रक्तात ते फार कमी निघाले. इंजेक्शने सुरू झाली, आणि एकादशीच्या त्या गोळीची मात्राही कमी करण्यात आली. पथ्याविषयीही खुलासा झाला. डॉक्टरांनी एक सांगितले होते आणि शेजारपाजाऱ्यांनी नऊ : भात नको, केळे नको, बटाटा नको, रताळे नको. ऐंशीच्या घरातील माणसाची साखर तरुणाइतकी ताणून धरावयाची नसते, वजन घटत राहणे त्याहून वाईट, असे डॉक्टरांनी तिला समजावले. लहानसे केळे परत आले. तिला झालेला आनंद पाहून मला माझीच लाज वाटली.

आठ दिवसांत मला परतावयाचे होते. तेव्हा व्यवस्था लावण्याच्या उत्साहात मी ज्या चुका केल्या त्या सांगून टाकते. पहिली म्हणजे स्वयंपाकाला बाई ठेवली. चौथ्या दिवशी आईने तिला पगार देऊन निरोप दिला. "हिंग तेलात घालायचा की भाजीवर, हे जिला ठाऊक नाही ती माझ्या ओट्यापाशी उभी राहणार?" दुसरी म्हणजे खानावळीचा डबा लावला. तो तिखट आणि तेलकट असे. आई त्यातली पोळी तेवढी ठेवी आणि बाकीचे दारातल्या गाईला घाली. पंधरा दिवसांनी मला हे भाभींकडून कळले. तिसरी म्हणजे पुण्यात बसून मोबाइलवरून तिच्या घरी वाणसामान मागविणे. त्यात सोय आहे हे खरे, आजही तेलाचा डबा आणि कणीक मी अशीच पोहोचवते. पण भाजीही तशीच मागवू लागले तेव्हा तिने हटकले. रोज सकाळी ठेल्याशी उभे राहून भेंडी मोडून पाहणे, दोन रुपयांसाठी घासाघीस करणे आणि चार बायकांशी बोलणे हा तिचा दिवसातला एकुलता एक बाजारहाट. तो मी सोयीच्या नावाखाली काढून घेत होते.

अखेर जे टिकले ते असे. भांडी घासायला येणाऱ्या बाईंना थोडे अधिक पैसे देऊन भाजी निवडणे-चिरणे, कणीक मळणे आणि दोन फुलके लाटणे एवढे काम दिले. फोडणी आईची. भाजीत मीठ किती, हे ठरविणारी तीच. शेगडीपाशी उभे राहण्याचे ओझे गेले आणि स्वयंपाकघराचे राज्य तिच्याकडेच राहिले. दीड लिटरचा लहान कुकर आणला. जड डबे वरच्या फळीवरून काढून कंबरेच्या उंचीला मांडले. फडताळाशी स्टुलावर चढणे बंद. कवळी नव्याने बसवून घेतली, आणि हे सर्वांत आधी करावयास हवे होते. तोंडात दुखत असेल तर पंचपक्वान्नांचाही उपयोग नाही.

रात्रीच्या जेवणाचा प्रश्न मात्र माझ्या कोणत्याही हुशारीने सुटला नाही. तो समोरच्या घरातल्या जैन अम्माजींनी सोडविला. त्याही एकट्या. मुले अहमदाबादेस. त्या सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत. एके दिवशी त्यांनीच आईला म्हटले की, आप भी छह बजे आ जाया करो. आई पहिल्या दिवशी संकोचाने गेली, दुसऱ्या दिवशी मुगाची धिरडी घेऊन गेली. आता दोघी एक दिवस ह्या घरी, एक दिवस त्या घरी, आपापली वाटी आणून सहाला जेवतात. अम्माजींना कांदा, लसूण, बटाटा चालत नाही. म्हणून आई त्यांच्यासाठी दुधी, पडवळ, कच्च्या केळ्याची भाजी करते, आणि अर्थातच स्वतःही खाते. नऊ वाजताचा टोस्ट बंद झाला. झोपताना पेलाभर दूध तेवढे उरले.

दुपारी साडेबाराला मी कचेरीत माझा डबा उघडते तेव्हा आई मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून पान वाढून घेते. आम्ही फारसे बोलत नाही. मी कधी "खाल्लेस ना?" असे विचारीत नाही, दिसतेच. ज्या दिवशी कामामुळे हे जमत नाही त्या दिवशी संध्याकाळी प्रश्न बदलून विचारते : आज ठेल्यावर काय होते? दही लागले का? डाळ कोणती भिजवलीस? अशा प्रश्नांना "हो" म्हणून चालत नाही. काही तरी घडले असेल तरच उत्तर देता येते. आणि उत्तर सलग दोन दिवस घुटमळले तर मी भाभींना फोन करते. त्यांचा, अम्माजींचा आणि डॉक्टरांचा क्रमांक माझ्या टेबलावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. पूर्वी नव्हता.

हे आईंचे झाले. वडील एकटे राहिले तर पेच निराळाच असतो. ग्वाल्हेरच्या आमच्या एका मामांनी मामी जाईपर्यंत शेगडी कधी पेटविली नव्हती. त्यांच्या मुलीने सूनबाईंकडे किंवा आपल्याकडे चलण्याचा आग्रह महिनाभर केला, मामा हलेनात. मग तिने एका पुठ्ठ्यावर मुगाच्या खिचडीची कृती लिहून भिंतीला टांगली : एक मूठ तांदूळ, एक मूठ डाळ, चार मुठी पाणी, हळद, मीठ, तीन शिट्ट्या. शहात्तराव्या वर्षी मामांनी ती शिकली. नंतर दही लावणे, नंतर पिठले. नोकरीभर फायली सांभाळलेला माणूस. आता पुठ्ठ्यांची एक फाइलच झाली आहे. त्यांच्या पिठल्यात गाठी असतात. आल्यागेल्याला ते आग्रहाने वाढतात आणि आम्ही ते खातो.

परगावी असलेल्या आणखी एका मैत्रिणीने मला विचारले, मग पाठवावे तरी काय? माझा अनुभव असा की पाठविण्यापेक्षा मागावे. गेल्या वर्षी मी आईला लिहिले की, पुण्याच्या मेतकुटाला तुझ्या मेतकुटाचा वास नाही. तिने डाळी भाजल्या, सुंठ-जिरे-मेथी घातली, बाईंकडून गिरणीत दळून आणविले आणि किलोभर पुडा मला धाडला. घरात ताजे मेतकूट असल्यावर ते तिच्याही भातावर पडणारच. नातवाच्या नावाने भाजणी मागितली तेव्हाही हेच झाले. हा डाव तिच्या लक्षात आला नसेल असे मी समजत नाही.

महिन्याच्या एक तारखेला आई काट्यावर उभी राहते आणि आकडा मला कळवते. सत्तेचाळिसाचे बावन्न व्हायला चौदा महिने लागले. मध्ये एकदा तापाने दोन किलो गेलेही. अजून ती काही गोष्टी लपविते. उन्हाळ्यात आंब्याचा हिशेब मला कधीच खरा मिळत नाही.

एकादशी मात्र तिने सोडलेली नाही आणि सोडावी असे मीही म्हटले नाही. डॉक्टरांना विचारून त्या दिवसाचे गोळीचे वेळापत्रक त्यांच्याकडूनच लिहून घेतले आहे. ते देवघराच्या दाराला आतून चिकटवले आहे. दशमीच्या रात्री मी फोन करते तेव्हा ती माझ्या प्रश्नाची वाट पाहत नाही. "साबुदाणा भिजवला," ती म्हणते. "दोघींचा."